हिज्रची वाट आणि पाण्याची पाळी



उमराहून परतलेली मंडळी भेटायला येतात, जमजम आणि खजूर देतात आणि जाता जाता बहुधा एक प्रश्न विचारतात. मदीना येथे मुक्काम असताना मशिदीच्या बाहेर गाडीवाले भेटतात. ते म्हणतात, "मदाइन सालेह दाखवून आणतो, सकाळी निघू, रात्री परत येऊ." काही प्रवास कंपन्यांच्या पत्रकांतही आता हे ठिकाण 'जियारत' या मथळ्याखाली छापलेले असते. सात-आठ जण मिळून एक मोठी गाडी चालकासह भाड्याने घेतात आणि वाळवंटातल्या त्या प्राचीन जागी जाऊन येतात. मग घरी आल्यावर मनात शंका उभी राहते: आपण गेलो ते योग्य केले का? न गेलेले विचारतात, पुढच्या खेपेस जावे का?

या प्रश्नाचे उत्तर 'जा' किंवा 'जाऊ नका' अशा एका शब्दात देता येईल, परंतु तसे केल्यास त्या जागेचा धडा हातून निसटेल. म्हणून प्रथम जागा समजून घेऊ, नंतर कुरआन आणि हदीस काय सांगतात ते पाहू आणि शेवटी प्रवासाच्या मसल्यांकडे वळू. मध्ये माझ्या स्वतःच्या एका चुकीची हकिकतही सांगावी लागणार आहे.

हिज्र कोठे आहे, काय आहे?

मदीनेच्या उत्तरेस तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर अल-उला नावाचे गाव आहे. खजुरीच्या बागांचे हे जुने गाव एका लांबट खोऱ्यात वसले आहे. त्याच्या उत्तरेस सुमारे २२ किलोमीटरांवर वाळूच्या सपाट प्रदेशात तांबूस वालुकाश्माचे सुटे सुटे डोंगर उभे आहेत. हेच अल-हिज्र, लोकांच्या तोंडी 'मदाइन सालेह', म्हणजे सालेह (अलै.) यांच्या वस्त्या. युनेस्कोने २००८ साली या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. सौदी अरबस्तानातील हे त्या यादीतले पहिले स्थळ.

येथे डोंगरांच्या अंगात कोरलेली १११ मोठी थडगी आहेत आणि त्यांपैकी ९४ थडग्यांचे दर्शनी भाग नक्षीने सजवलेले आहेत. शंभराहून अधिक विहिरीही आहेत. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या वाचकाला ही कारागिरी लवकर उमगेल. पाथरवटांनी वरून कोरायला सुरुवात करून खाली खाली येत काम केले आहे. 'कसर अल-फरीद' नावाचे एकाकी थडगे वीस मीटरांहून उंच आहे. त्याचा वरचा भाग पूर्ण आणि खालचा खडबडीत, अपुरा राहिलेला आहे. कामाची दिशा त्यावरून स्पष्ट दिसते.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या थडग्यांवर लेख कोरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांनी ते वाचले, तेव्हा कळले की ते नबाती लोकांचे आहेत. नबाती म्हणजे ज्यांची राजधानी आजच्या जॉर्डनमधील पेट्रा येथे होती आणि ज्यांचे तांडे धूप-उदाचा व्यापार करीत ते लोक. लेखांत राजांची वर्षे दिलेली असल्यामुळे काळही समजतो. ही थडगी साधारणतः इसवी सनाच्या पहिल्या शतकातील आहेत. थडगे कोणाचे, त्यात कोणाला पुरावे, कोणी ते विकले तर काय दंड आणि कोणता शाप, हे सारे तेथे नमूद आहे. काही थडग्यांच्या मालक स्त्रिया आहेत. अनेक लेखांत दगड कोरणाऱ्या पाथरवटाचे नावही आहे.

समूदची कौम याच्या पुष्कळ आधीची. म्हणून आज जे नक्षीदार दर्शनी भाग दिसतात, त्यांतील एखाद्याकडे बोट दाखवून "हे समूदच्या अमुक सरदाराचे घर" असे मुलांना सांगू नये. या माहितीने आपल्या श्रद्धेला कोणताही धक्का लागत नाही. ही भूमी समूदची होती, हे आम्हाला आदरणीय प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या वचनातून ठाऊक आहे. एका भूमीत एक कौम नष्ट होते, शतके लोटतात, दुसरी कौम येऊन तेथेच आपली थडगी कोरते आणि तीही जाते. विचार करणाऱ्याला यात बोध अधिकच आहे.

त्याचप्रमाणे एखादी भेग दाखवून "उंटीण येथूनच बाहेर आली" असे सांगणारे भेटतात. कुरआनने त्या उंटिणीला अल्लाहची उंटीण आणि उघड निशाणी म्हटले आहे. ती खडकातून प्रकट झाल्याचा तपशील तफसीरच्या ग्रंथांत रिवायतींच्या रूपाने आला आहे. ती अमुक भेगेतून आली, असे ठरवून सांगायला मात्र कोणताही आधार नाही.

समूद : कसबी, संपन्न आणि बेपर्वा

कुरआनात समूदचा उल्लेख अनेक सूरहांत आहे. सूरह अल-आराफ (७ : ७३-७९), सूरह हूद (११ : ६१-६८), सूरह अल-हिज्र (१५ : ८०-८४), सूरह अश-शुअरा (२६ : १४१-१५९), सूरह अन-नम्ल (२७ : ४५-५३), सूरह अल-कमर (५४ : २३-३१) आणि सूरह अश-शम्स (९१ : ११-१५) एकापुढे एक ठेवून वाचल्या की त्या समाजाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. सपाटीवर महाल, डोंगरात कोरलेली घरे, बागा, झरे, शेते आणि लगडलेली खजुरीची झाडे. एवढे असून त्यांच्यावर हुकूम चालत होता तो मर्यादा ओलांडणाऱ्यांचा. सूरह अन-नम्लमध्ये नगरातील नऊ जणांचा उल्लेख आहे, जे भूमीवर बिघाड माजवीत आणि सुधारणेचे नाव घेत नसत.

हजरत सालेह (अलै.) त्यांच्यातलेच होते. त्यांनी तेच सांगितले जे प्रत्येक प्रेषिताने सांगितले: अल्लाहची उपासना करा, त्याच्याशिवाय तुमचा कोणी उपास्य नाही. मी तुमच्याकडे मोबदला मागत नाही, माझा मोबदला सर्व जगांच्या पालनकर्त्याकडे आहे. लोकांनी निशाणी मागितली. निशाणी म्हणून उंटीण आली आणि तिच्यासोबत एक साधी अट आली.

पाण्याची पाळी

ती अट कोणती? पाणी वाटून घ्यायचे. ठरलेल्या दिवशी पाणी उंटिणीचे, ठरलेल्या दिवशी तुमचे (२६ : १५५, ५४ : २८). तिला अल्लाहच्या भूमीत चरू द्या आणि वाईट हेतूने तिला हात लावू नका.

आपल्याकडच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. 'पाणीपाळी' हा शब्द तो रोज वापरतो. पाळी त्याची असताना रात्रीतून कोणी दांडगा दार फिरवून पाणी वळवून घेतो, तेव्हा काय होते ते त्याने पाहिले आहे. पाळी ही व्यवस्था दुर्बळासाठी असते. बलवानाला पाळीची गरजच नसते. तो हवे तेव्हा घेऊ शकतो. म्हणून दुसऱ्याच्या पाळीचा मान राखणे ही बलवानाची परीक्षा आहे. समूदची परीक्षा एका मुक्या जनावराच्या पाळीने घेतली गेली. त्या जनावराला मागता येत नव्हते, भांडता येत नव्हते, फिर्याद करता येत नव्हती. त्याची बाजू मांडणारा एकच माणूस होता आणि त्याला लोक खोटा म्हणत होते.

पुढची कथा आपण जाणता. त्यांच्यातला सर्वांत दुर्दैवी मनुष्य उठला आणि त्याने उंटिणीला कापले. येथे कुरआनच्या शब्दयोजनेकडे लक्ष द्यावे. सूरह अल-कमरमध्ये हल्ला करणारा एकच आहे. त्यांनी आपल्या सोबत्याला हाक मारली आणि त्याने हात चालवला. सूरह अश-शम्समध्ये मात्र तेच कृत्य सर्वांच्या नावे मांडले आहे. त्यांनी तिला कापले. भाष्यकारांनी याचे कारण सांगितले आहे ते असे की, हात एकाचा होता आणि संमती सर्वांची होती. जे बोलले नाहीत, तेही त्यात मोजले गेले.

मग घरांत तीन दिवसांची मुदत आणि त्यानंतर भयंकर गर्जना व भूकंप. डोंगरात कोरलेली घरे त्यांच्या कामी आली नाहीत.

तबूकच्या वाटेवर

हिजरी सन ९, रजब महिना, इसवी सन ६३०. कडक उन्हाळ्याचे दिवस होते. आदरणीय प्रेषित (सल्ल.) आपल्या सहाबांसह तबूककडे निघाले होते. हा मार्ग या खोऱ्यातूनच जातो. सहीह बुखारीत या प्रवासातील दोन मुक्कामांच्या हकिकती आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

पहिली वादी अल-कुरा येथील. हे खोरे अल-उलाच्या परिसरातले. तेथे एक स्त्री आपल्या बागेत होती. प्रेषितांनी (सल्ल.) सोबत्यांना बागेच्या उत्पन्नाचा अंदाज करायला सांगितले, स्वतः दहा वसकांचा अंदाज केला आणि त्या स्त्रीला मोजून ठेवायला सांगितले. परतीच्या वाटेवर त्यांनी तिला आवर्जून विचारले. उत्पन्न दहा वसकच भरले होते. एवढ्या मोठ्या मोहिमेच्या धामधुमीतही एका कष्टकरी स्त्रीच्या बागेपाशी थांबायला त्यांच्याजवळ वेळ होता.

दुसरी हिज्रची. तेथे लोकांनी विहिरींतून पाणी काढले आणि त्या पाण्यात पीठ मळले. प्रेषितांनी (सल्ल.) पाणी ओतून टाकायला आणि मळलेले पीठ उंटांना घालायला सांगितले. पाणी घ्यायचे असेल तर ज्या विहिरीवर उंटीण येत असे, तिचे घ्या, असा आदेश दिला. ज्यांनी स्वतःवर जुलूम केला, त्यांच्या वस्त्यांत रडत असाल तरच शिरा. रडू येत नसेल तर शिरू नका, त्यांच्यावर आले ते तुमच्यावर न येवो, अशी ताकीद दिली. मग चादरीने मस्तक झाकून घेतले आणि खोरे ओलांडेपर्यंत सवारी वेगाने हाकली.

मूक जनावर ज्या विहिरीवर आपल्या पाळीने पाणी पीत असे, तिचे पाणी पवित्र राहिले. ज्यांनी त्याची पाळी हिरावली, त्यांच्या विहिरींचे पाणी तहानलेल्या सैन्यालाही वर्ज्य झाले.

उम्मतने हा आदेश शतकानुशतके पाळला. इ.स. १३२६ मध्ये दमास्कसच्या हाजींच्या काफिल्याबरोबर या वाटेने गेलेला प्रवासी इब्न बतूता लिहितो की, हिज्रच्या विहिरीला भरपूर पाणी असूनही कितीही तहान लागली तरी हाजी ते काढीत नसत. डोंगरांतल्या त्या दालनांत त्याला झिजलेली हाडेही दिसली होती. पुढे अल-उलात काफिला चार दिवस मुक्काम करी, कपडे धुई आणि जास्तीची शिधासामग्री तेथील लोकांकडे ठेव म्हणून सोपवून मदीनेकडे जाई. अल-उलाचे लोक विश्वासू म्हणून ख्यात होते.

मग जावे की न जावे?

येथे विद्वानांची दोन मते आढळतात. काही विद्वान म्हणतात की, प्रेषितांनी (सल्ल.) मस्तक झाकून, वेगाने ही जागा ओलांडली, तर मुद्दाम वाट वाकडी करून तेथे मौजेसाठी जाणे त्या आदेशाच्या विरुद्ध आहे. इतर विद्वान म्हणतात की, हदीसमध्ये प्रवेशाला पूर्ण बंदी नाही, अट आहे. जो बोध घेण्यासाठी, भय बाळगून, थोडा वेळ जातो, त्याला परवानगी आहे. शिवाय भूमीवर हिंडून नाकारणाऱ्यांचा शेवट काय झाला ते पाहण्याचे आवाहन कुरआनने अनेकदा केले आहे. इमाम नववी यांनी सहीह मुस्लिमच्या भाष्यात या हदीसवरून असा बोध काढला आहे की, अशा जागांवरून जाताना मन जागे ठेवावे आणि लवकर निघावे. त्यांनी उदाहरण वादी मुहस्सिरचे दिले आहे. मुजदलिफा आणि मिना यांच्यामधले हे स्थान आपले हाजी भरभर चालत ओलांडतात, ते याच कारणाने.

दोन्ही मतांचे विद्वान एका गोष्टीवर एकमत आहेत: मौजमजा, हास्यविनोद, गाणी आणि सहभोजनासाठी ही जागा नाही. रडू हुकमी येत नाही, हे खरे. भाष्यकार सांगतात की, रडण्यामागचा हेतू विचार आणि भय हा आहे. ज्याचे मन त्या विचारासाठी तयार नाही, त्याने मदीनेत राहून मस्जिद-ए-नबवीत आणखी चार नमाजी पढाव्या. त्यात त्याचे काहीही हुकणार नाही.

आणखी एक गैरसमज दूर करू. या प्रवासाला 'जियारत' म्हणणे चूक आहे. पुण्याच्या हेतूने मुद्दाम प्रवास करून जावे अशा तीनच मशिदी हदीसने सांगितल्या आहेत: मस्जिद-ए-हराम, मस्जिद-ए-नबवी आणि मस्जिद-ए-अक्सा. हिज्र ही अजाबाची जागा आहे. तेथे जाणे उमराचा भाग नाही, न जाणाऱ्याच्या उमरात उणीव नाही आणि "एवढ्या दूर आलो, पुण्य तरी मिळेल" हा विचार निराधार आहे.

आमची गाडी

काही वर्षांपूर्वी आमच्या गावची सात माणसे उमराला गेली होती, त्यांत मीही होतो. सर्वांनी मिळून एक मोठी गाडी चालकासह ठरवली. हदीसच्या शिकवणीप्रमाणे प्रवासाचा अमीर निवडला. मंडळींनी ती जबाबदारी माझ्यावर सोपवली. फजरनंतर निघालो. बसताना मी सवारीची दुआ मोठ्याने पढलो आणि सर्वांनी माझ्यामागून पढली.

चालक आपल्याच उपखंडातला, पन्नाशीकडे झुकलेला, मितभाषी. दीड-दोन तासांनी एका पेट्रोल पंपावर त्याने गाडी थांबवली आणि नम्रपणे सांगितले की, रात्रभर तो मक्केहून दुसऱ्या काफिल्याला घेऊन आला आहे, अर्धा तास पाठ टेकायला मिळाली तर बरे होईल. आमच्यापैकी एक जण म्हणाला, "अहो, आमची तिकिटे अकराची आहेत. पैसे पूर्ण दिवसाचे ठरलेत ना?" दुसरा म्हणाला, "चहा घ्या चाचा, झोप उडेल." सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी अमीर होतो. मी घड्याळाकडे पाहिले आणि काही बोललो नाही.

चालक चहा पिऊन गाडीत बसला. अर्ध्या तासाच्या आतच गाडी हळूहळू उजवीकडे सरकली, चाके डांबर सोडून खडीवर गेली, मागून कोणीतरी किंचाळले आणि त्याने दचकून चाक वळवले. अल्लाहची कृपा, रस्ता मोकळा होता. कोणाला खरचटलेही नाही. चालक थरथरत होता आणि आमची माफी मागत होता. माफी त्याने मागावी, याची लाज मला आजही वाटते.

आम्ही थांबलो. तो चाळीस मिनिटे झोपला. अकराची वेळ गेली, दुपारची मिळाली. आत स्वतःची गाडी नेता येत नाही. तिकीट आधी घ्यावे लागते आणि तेथील बसने, तेथील मार्गदर्शकाबरोबर फिरावे लागते. तो बाहेर वाहनतळावर थांबला आणि आम्ही आत गेलो. मार्गदर्शक थडग्यांची माहिती देत होता. माझ्या डोक्यात एकच आयत घोळत होती: पाणी वाटलेले आहे, प्रत्येकाने आपल्या पाळीला हजर व्हावे. अर्धा तास झोप ही त्या माणसाची पाळी होती. त्याने ती मागितली होती. हात उगारणारा आमच्यात एकच होता, परंतु गप्प बसणारे सहा होते आणि त्यांतला एक मदरशात दहा वर्षे शिकलेला, सूरह अश-शम्सचे भाष्य मिंबरवरून सांगणारा होता.

मी माझ्या चुकीची तुलना समूदच्या अपराधाशी करीत नाही. परंतु कुरआनातील गोष्टी आपल्या मोजमापाने लहान करून घेण्यासाठीच सांगितल्या आहेत. मोठा जुलूम करण्याची संधी आपल्याला मिळत नाही. अर्ध्या तासाचा जुलूम करण्याची संधी रोज मिळते.

परतताना मी पुढच्या सीटवर बसलो आणि त्याची माफी मागितली. तो संकोचला. बऱ्याच वेळाने त्याने मला एक मसला विचारला. तो कितीतरी लोकांना येथे आणून सोडतो. ही अजाबाची जागा आहे असे त्याने ऐकले आहे. तर या फेऱ्यांची मजुरी त्याच्या मुलांसाठी हलाल आहे ना? मी सांगितले, मजुरी गाडी चालवण्याची आहे, जी हलाल मेहनत आहे. आत जाऊन कोण काय करतो याचा हिशेब ज्याचा त्याला द्यायचा आहे. त्याने "अल्हम्दुलिल्लाह" म्हटले. त्या गाडीत आपल्या कमाईची एवढी काळजी असलेला तो एकटाच होता.

गाडी ठरविताना

ज्यांना जायचे आहे त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

१. चालकासह गाडी घेणे हा शरीअतच्या भाषेत 'इजारा', म्हणजे मोबदल्यावर सेवा घेण्याचा करार आहे. त्यात काम आणि मोबदला दोन्ही आधी स्पष्ट असावे लागतात. कोठे जायचे, किती तास, थांबण्याच्या वेळेचे काय, रात्र झाली तर काय, चालकाचे जेवण कोणाकडे, हे निघण्यापूर्वी बोलून घ्यावे. "नंतर बघू" हे भांडणाचे मूळ आहे. गाडीला प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे ना, हेही विचारावे.

२. मजुराची मजुरी घाम वाळण्यापूर्वी देण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल, अशी हदीस-ए-कुदसी सहीह बुखारीत आहे. परतल्यावर थकवा आला, वाटणी बाकी आहे, अमुक जण झोपला, अशा सबबी सांगू नयेत. वर्गणी निघण्यापूर्वीच गोळा करावी.

३. चालक रात्री झोपला आहे का, हे गाडीत बसण्यापूर्वी विचारावे. ताकदीबाहेरचे ओझे हाताखालच्या माणसावर टाकू नये आणि टाकलेच तर त्याला मदत करावी, ही प्रेषितांची (सल्ल.) आज्ञा आहे. दर दोन तासांनी थांबावे. या रस्त्यांवर अंतरे लांब आहेत आणि उंट आडवे येतात. डोळा लागलेल्या चालकाच्या गाडीत बसणे म्हणजे स्वतःच्या आणि मुलाबाळांच्या जिवाशीही बेइमानी आहे.

४. आपण खातो ते त्याला खाऊ घालावे आणि सोबत बसवून घालावे. उरलेले बांधून देणे हा पाहुणचार नव्हे.

५. स्त्रियांनी महरमशिवाय अनोळखी चालकाबरोबर इतक्या दूरच्या प्रवासाला निघू नये.

नमाज आणि इतर मसले

मदीनेहून हे अंतर कसरच्या मर्यादेहून कितीतरी अधिक आहे. म्हणून वाटेत आणि अल-उलात जुहर, असर आणि इशा यांचे फर्ज दोन रकात पढावेत. स्थानिक इमामामागे पढल्यास चार. हनफी बंधूंनी प्रत्येक नमाज तिच्या वेळेतच अदा करावी; सोयीसाठी जुहर तिच्या वेळेच्या अखेरीस आणि असर तिच्या वेळेच्या आरंभी पढता येते. कोकणातील आपले शाफई बंधू प्रवासात जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढू शकतात. एका गाडीत दोन्ही मसलकांची माणसे असतात, तेव्हा यावरून वाद घालू नये. मदीनेत चार पूर्ण दिवस राहण्याची नियत केलेला शाफई तेथे मुकीम असतो, परंतु या प्रवासाला निघताच तो पुन्हा मुसाफिर होतो.

किब्ल्याबाबतही सावध राहावे. आपल्याकडे पश्चिमेकडे तोंड करण्याची सवय असते. अल-उला मक्केच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे किब्ला दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला झुकून असतो.

हिज्रच्या आत नमाज पढू नये. बाहेर पडून अल-उलाच्या मशिदीत पढावी. इमाम बुखारी यांनी अजाबाच्या जागी नमाज पढण्याविषयी स्वतंत्र प्रकरण मांडले आहे आणि हजरत अली (रजि.) यांनी बाबिलच्या खचलेल्या भूमीवर नमाज पढणे नापसंत केल्याचे नोंदवून या प्रसंगाची हदीस त्याखाली दिली आहे. आत खाण्याचे डबे उघडू नयेत. अल-उला गावातील पाणी व जेवण यांविषयी शंका बाळगू नये. मनाईचा संबंध हिज्रच्या विहिरींशी आहे. आत असताना मोबाईलवर हसरे फोटो काढण्यापूर्वी, येथून आपले प्रेषित (सल्ल.) मस्तक झाकून गेले होते, हे एकदा आठवावे.

घरी बसून

ज्यांना तेथे जायचे नाही किंवा जाणे परवडत नाही, त्यांच्यासाठी हा धडा घरीही आहे. एखाद्या रात्री इशानंतर कुटुंबाने एकत्र बसून सूरह अश-शुअरातील समूदचा भाग अर्थासह वाचावा आणि मुलांना विचारावे: आपल्या घरात कोणाची पाळी हुकते? धुणीभांडी करणाऱ्या बाईंची सुटी, रिक्षावाल्या चाचांचे महिनाअखेरचे पैसे, सर्वांत शेवटी जेवायला बसणारी आई, नळाला पाणी येते तेव्हा शेजारच्या एकट्या म्हातारीची घागर. आणि ती हुकताना आपल्यातले कोण कोण गप्प असतात? उत्तर मुले देतील. मोठ्यांनी ते ऐकून घ्यावे.

अल्लाह आम्हाला जुलूम करण्यापासून आणि जुलूम पाहून गप्प राहण्यापासून वाचवो. ज्यांची पाळी आम्ही हिरावली, त्यांची माफी मागण्याचे धैर्य मरणापूर्वी देवो आणि आमचे प्रवास बोधाचे करो. आमीन.

वल्लाहु आलम.